एक नाव, दोन माणसे

मराठी घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला कागद न मिळण्याची अडचण मोठी वाटते. पण खरी अडचण बहुधा कागद मिळाल्यावर सुरू होते, कारण सापडलेल्या कागदातला रामजी हा शोधणाऱ्याच्या घराण्यातलाच रामजी आहे की शेजारच्या वाड्यातला, हे तो कागद आपण होऊन सांगत नाही. या टप्प्यावर होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. एकाच नावाची दोन माणसे एकच समजून त्यांची चरित्रे एकमेकांत मिसळली जातात, तिला सोयीसाठी सांधण्याची चूक म्हणता येईल. आणि एकाच माणसाची दोन नावे पाहून त्याची दोन माणसे केली जातात, ती फोडण्याची चूक होय. पहिली चूक अधिक घडते आणि अधिक टिकते, कारण नाव जुळले की शोधणाऱ्याला शोध संपल्यासारखे वाटते आणि पुढचे कागद तो त्या जुळणीच्या आधाराने वाचू लागतो.

या गोंधळाचे मूळ नाव ठेवण्याच्या रिवाजात आहे. आजोबा वारल्यानंतर जन्मलेल्या नातवाला त्यांचे नाव द्यायचे, ही चाल महाराष्ट्रातल्या बहुतेक जातींत होती, आणि ती कशी चालते हे पेशव्यांच्या भट घराण्यात अगदी स्वच्छ दिसते. बाळाजी विश्वनाथ एप्रिल 1720 मध्ये वारले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांना मुलगा झाला आणि त्याचे नाव बाळाजी ठेवण्यात आले. नानासाहेब पेशवे ते हेच. खुद्द थोरल्या बाजीरावांचे पाळण्यातले नाव विसाजी, म्हणजे विश्वनाथ या त्यांच्या आजोबांचे होते. पुढे रघुनाथरावांना 1775 मध्ये मुलगा झाला तेव्हा त्यालाही आजोबांचे नाव मिळाले, आणि इतिहासात दोन बाजीराव झाले. राजघराण्यातल्या दोघांना थोरले आणि दुसरे अशी विशेषणे नंतरच्या लेखकांनी लावून दिली. सामान्य कुळातल्या दोन बाजीरावांना अशी विशेषणे लावणारे कोणी नव्हते.

वडिलांचे नाव जोडले की हा घोळ मिटेल असे वाटते, आणि जुन्या कागदांत ते जोडलेले असतेही. ब्राह्मण घराण्यांत ते नावापुढे सरळ येते, जसे बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजींचे पुत्र बाजीराव. इतर अनेक जातींच्या नोंदींत दोन नावांच्या मध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ हा पुत्रवाचक शब्द येतो. परंतु रामजीचा मुलगा गोविंद, गोविंदाचा रामजी आणि त्या रामजीचा पुन्हा गोविंद, असे एखाद्या घरात चालू राहिले, तर ‘रामजी बिन गोविंद’ हा एक पिढी सोडून पुन्हा अवतरतो, आणि आजोबांचे नाव विचारून त्याला पकडू पाहिले तर दोन्ही वेळा ते रामजीच निघते. म्हणजे नावांची साखळी कितीही लांबवली तरी अशा घराण्यात ती दोन माणसांना वेगळे करू शकत नाही. त्यांना वेगळे करते ती नावाबाहेरची माहिती, म्हणजे सन, गाव, जमीन, हुद्दा, सोयरीक आणि साक्षीदार.

त्यात आणखी एक गाठ अशी पडते की, आजोबांचे नाव एकाच नातवाला मिळते असे नाही. दोन भाऊ वेगळे राहत असले तर दोघांच्याही घरी ते नाव ठेवले जाते आणि मग सारख्या नावाचे दोन चुलतभाऊ एकाच काळात नांदू लागतात. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर 1682 मध्ये संभाजी महाराजांना झालेल्या मुलाचे नाव शिवाजीच होते, तो पुढे शाहू या नावाने ओळखला गेला. आणि राजाराम महाराजांना ताराबाईंपासून 1696 मध्ये झालेला मुलगाही शिवाजीच. याच कुळात संभाजी हे नाव चार पिढ्यांत किमान चौघांचे होते. शहाजीराजांचे चुलतभाऊ, विठोजींचे पुत्र संभाजी, हे खंडागळ्यांच्या हत्तीवरून उसळलेल्या मारामारीत पडले. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत कामी आले. 1657 मध्ये जन्मलेल्या महाराजांच्या पुत्राला त्या दिवंगत चुलत्याचे नाव मिळाले. आणि राजाराम महाराजांचे राजसबाईंपासून झालेले पुत्र, कोल्हापूरचे संभाजी, 1760 पर्यंत हयात होते. या चौथ्या संभाजींच्या पत्नीचे नाव जिजाबाई होते, हे ध्यानात घेतले म्हणजे भोसले, संभाजी आणि जिजाबाई ही तिन्ही नावे एका कागदात आली तरी त्याचा काळ सतराव्या शतकाचा धरता येत नाही, हे कळते.

नवराबायकोची जोडी जुळली की ओळख पक्की झाली, असा एक समज वंशावळी तयार करणाऱ्यांत रूढ आहे, आणि एकट्या नावापेक्षा जोडीचा पुरावा भक्कम असतो यात शंका नाही. तरीही तो निर्णायक नसतो. थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला वारले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, ही गोष्ट मराठी माणसाला सांगावी लागत नाही. पण त्यांचे पुतणे सवाई माधवराव यांच्या पहिल्या पत्नीचे नावही रमाबाईच होते. त्या थत्त्यांच्या कन्या, आणि त्यांचे लग्न 1783 मध्ये झाले. म्हणजे एकाच घराण्यात, एकाच गादीवर, माधवराव आणि रमाबाई अशी दोन जोडपी अकरा वर्षांच्या अंतराने होऊन गेली. कागदावर पित्याचे नाव असेल तर प्रश्न सुटतो, कारण एक माधवराव बल्लाळ आणि दुसरे माधवराव नारायण. परंतु घरगुती पत्रांत पित्याचे नाव नसते आणि पुष्कळदा सनही नसतो, नुसती तिथी असते. अशा वेळी पत्रातल्या मजकुराकडेच वळावे लागते. पत्रात गोपिकाबाई आई म्हणून येतात की आजी म्हणून, नारायणराव हयात आहेत की नाहीत, कारभार पाहणारे कोण आहेत, या गोष्टींवरून पत्राची जागा ठरते. याच घरात राधाबाईही दोन आहेत. एक बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी, माहेरच्या बर्वे. दुसऱ्या त्यांच्या नातसून, नानासाहेबांनी 1760च्या अखेरीस पैठणच्या वाखऱ्यांच्या घरातून करून आणलेल्या.

स्त्रियांची ओळख लावताना माहेर हाच खरा दोरा असतो, आणि छापील वंशावळींनी नेमका तोच तोडलेला असतो. लग्नात नाव बदलल्यामुळे माहेरच्या कागदातली मुलगी आणि सासरच्या कागदातली सून या दोन व्यक्ती वाटतात. एक बायको वारल्यावर आणलेल्या दुसऱ्या बायकोला क्वचित पहिलीचेच नाव दिले गेल्यामुळे दोन स्त्रिया एक वाटतात. महसुली आणि न्यायाच्या कागदांत स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव येते, वडिलांचे येत नाही. त्यामुळे एखादी स्त्री कोणाची मुलगी हे शोधायचे तर सासरच्या दप्तरात वेळ न घालवता ज्या गावी सोयरीक होण्याचा संभव आहे त्या गावच्या कागदांकडे जावे लागते, आणि हे काम बहुतेक कुलवृत्तांतकारांनी टाळले आहे. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सर्व शाखांची एकत्र छापलेली माहिती; कोकणस्थ घराण्यांचे असे ग्रंथ विसाव्या शतकात मोठ्या संख्येने निघाले, आणि त्यांतल्या कित्येकांत मुलींची नोंद ‘अमक्यांकडे दिली’ एवढ्यावर आटोपली आहे.

हाक मारण्याची नावे हा निराळाच प्रांत आहे. नाना, भाऊ, दादा, आप्पा, तात्या, आबा ही नावे नात्याने, वयाने किंवा मानाने चिकटतात आणि मूळ नावाला झाकून टाकतात. बाळाजी बाजीराव पेशवे हे नानासाहेब. त्यांच्याच दरबारातून पुढे आलेले बाळाजी जनार्दन भानू हे नाना फडणीस. 1857 च्या उठावातले नानासाहेब म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र धोंडोपंत. आणि मुंबईचे नाना शंकरशेट यांचे नाव जगन्नाथ. पहिल्या दोघांचे पाळण्यातले नावही बाळाजीच असल्यामुळे ‘बाळाजी ऊर्फ नाना’ एवढ्याने दोघांपैकी कोण हे ठरत नाही. नाना फडणीसांच्या आजोबांचे नाव पाहू गेल्यास तेही बाळाजी, बाळाजी महादेव भानू. बाळाजी विश्वनाथांबरोबर ते दिल्लीला गेले आणि 1719 मध्ये तिथल्या दंगलीत मारले गेले.

भानूंचे फडणीस झाले, भटांचे पेशवे झाले, यात आडनावांविषयीचा एक धडा आहे. हुद्द्यावरून पडलेली आडनावे रक्ताचे नाते दाखवीत नाहीत. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पाटील, जोशी ही वतनांची नावे होती, आणि ज्या ज्या गावात वा परगण्यात ते वतन होते तिथल्या तिथल्या वतनदार घराला ते आडनाव मिळाले. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतल्या दोन कुलकर्ण्यांचे गोत्र, कुलदैवत आणि मूळ आडनाव सगळेच वेगळे असू शकते. ‘कर’ लागलेली गावावरची आडनावे तर गाव सोडल्यावरच पडतात, म्हणून एकाच घराण्याच्या तीन शाखा तीन गावांना गेल्या तर तीन आडनावांनी वावरू लागतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळत असे, त्यामुळे तिथे एकच आडनाव परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या घरांना लागलेले दिसते. चर्चच्या नोंदवह्यांत गाव, वाडा आणि धर्मपित्याचे नाव हे तिन्ही पाहिल्याशिवाय तिथे निष्कर्ष काढू नये.

फोडण्याची चूक सर्वांत जास्त होते ती दत्तकांच्या बाबतीत. दत्तक गेलेल्या माणसाचे वडील कागदोपत्री बदलतात, कधी नावही बदलते, आणि मग जन्मघराच्या वंशावळीत एक माणूस तरुणपणी नाहीसा होतो तर दत्तकघराच्या वंशावळीत दुसरा माणूस मोठेपणी एकाएकी उगवतो. कवळाण्याचे गोपाळराव काशीराव गायकवाड 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. या दोन उदाहरणांत घोटाळा होत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत. पण दहा बिघे जमीन असलेल्या निपुत्रिक चुलत्याने घेतलेला पुतण्या, हे अशाच बदलाचे छोटे आणि असंख्य वेळा घडलेले रूप आहे, आणि दत्तकपत्र हाती लागले नाही तर फेरफारातल्या एका ओळीखेरीज त्याचा मागमूस राहत नाही.

सामान्य कुटुंबाच्या बाबतीत म्हणूनच माणसाच्या मागे जाण्याऐवजी जमिनीच्या मागे जाणे श्रेयस्कर ठरते. माणसे नावे बदलतात, गावे बदलतात. सर्व्हे नंबर मात्र फुटला तरी त्याचा माग राहतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 मध्ये झाला, आणि तेव्हापासून जमिनीवरचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, होऊ लागली. समजा, एका गावात ‘ज्ञानू बिन तुकाराम’ या नावाचे दोन खातेदार आहेत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्याप्रमाणे घराण्याचा मूळपुरुष त्यांपैकी एक आहे. फेरफार वहीत एक नोंद सापडते. तीत खातेदार तुकाराम मयत झाल्याचे लिहून वारस म्हणून ‘ज्ञानू बिन तुकाराम, अ. पा. क. आई सखूबाई’ असे नाव दाखल केलेले आहे, पुढच्या रकान्यात सर्व्हे नंबर आहेत आणि शेवटी नोंद मंजूर केल्याचा शेरा आहे. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन करणारी. त्या तीन अक्षरांतून एवढे निश्चित होते की, नोंदीच्या वर्षी हा ज्ञानू अठरा वर्षांच्या आतला होता आणि त्याची आई हयात होती. दुसऱ्या ज्ञानूने त्याच सुमारास दुसऱ्या जमिनीचे खरेदीखत स्वतः करून दिले असेल, तर तो सज्ञान होता आणि दोघे एक असू शकत नाहीत. आता दोघांच्या जमिनींच्या चतुःसीमा, म्हणजे पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तरेला कोणाच्या जमिनी लागतात ते, ताडून पाहायचे. भावकीच्या जमिनी बहुधा एकमेकींना लागून असतात, कारण त्या एकाच मूळ शेताच्या वाटण्या असतात. तेव्हा बांधाला बांध कोणाचा लागतो यावरून दोन ज्ञानूंपैकी कोण कोणत्या भावकीतला हे नावापेक्षा कितीतरी खात्रीने सांगता येते.

या कागदांत आणखी एक फसवी खूण असते. खातेदाराच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असे लिहिलेले आढळते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव तेवढे लागलेले असते आणि धाकटे दोन-तीन भाऊ कागदावर नसतातच. ते वीस वर्षांनी वाटणीच्या नोंदीत अचानक दिसू लागले की परगावाहून आलेले वाटतात. कागदात नाव नाही म्हणून माणूस नव्हता, हा निष्कर्ष महसुली दप्तरापुरता तरी काढता येत नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर खासरा पत्रके, गाव नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूची वही, शाळांचे जनरल रजिस्टर आणि मोडीतली जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, आणि जुन्या नोंदीतला माणूस हाच अर्जदाराचा पणजोबा, हे दाखवायचे कसे, हा प्रश्न हजारो घरांत पहिल्यांदाच गंभीरपणे विचारला गेला. मोडीत अक्षरे एका ओळीत सलग लिहिली जातात, शब्द तोडले जात नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. त्यामुळे एखादे नाव लावण्यातला वाचकाचा अंदाज पुढे पुरावा म्हणून वावरू लागण्याचा धोका राहतो. लिप्यंतरावर विसंबण्यापूर्वी त्याच लेखकाने त्याच वहीत लिहिलेली दुसरी नावे पाहून त्याचे अक्षर ओळखून घेणे, हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

वयांबद्दल आणि तारखांबद्दल थोडे सावध असावे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लिहीत, हे महाराष्ट्रात इतके सर्वत्र घडले आहे की दोन कागदांतल्या माणसांची जन्मतारीख 1 जून जुळली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ती तारीख जन्माची नसून शाळा उघडण्याच्या हंगामाची असते. जुन्या कागदांत शक, फसली आणि शुहूर असे वेगवेगळे सन येतात. शकात 78 किंवा 79, फसलीत 590 किंवा 591 आणि शुहूरसनात 599 किंवा 600 मिळवले म्हणजे इसवी सन येतो. कोणता आकडा मिळवायचा हे वर्षातला महिना पाहून ठरते. शुहूरसन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो आणि मृगाच्या सुमारास बदलतो, म्हणून ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे 1171 हे साल जून 1770 ते जून 1771 असे दोन इसवी वर्षांत पसरते. याहून चकवणारी गोष्ट महिन्यांची आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. थोरल्या माधवरावांची पुण्यतिथी इथे कार्तिक वद्य अष्टमीला येते, पण तोच दिवस काशीच्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी म्हणून लिहिला जाईल. काशीत वारलेल्या आजोबांची तिथी तिथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वहीत एका महिन्याची आणि घरच्या श्राद्धाची दुसऱ्या महिन्याची असेल, तर माणसे दोन असण्यापेक्षा पंचांगे दोन असण्याचा संभव अधिक.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या मौल्यवान आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, प्रयाग, काशी इथे यात्रेकरू आपल्या हाताने नाव, गाव आणि पूर्वजांची नावे लिहून देत. मात्र त्यातला एकच भाग प्रत्यक्ष पुरावा असतो, तो म्हणजे लिहिणारा त्या दिवशी तिथे होता. पणजोबांचे जे नाव तो लिहितो ते त्याने घरी ऐकलेले असते. दोन भावांनी दहा वर्षांच्या अंतराने केलेल्या नोंदींत पणजोबांचे नाव वेगळे आले तर त्यात नवल मानू नये.

मराठी माणसे जिथे मजूर म्हणून समुद्रापार गेली तिथली परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. मॉरिशसला करारावर नेलेल्या मजुरांना तिथे उतरताच स्थलांतरित क्रमांक दिला जाई, आणि हा क्रमांक त्या माणसाच्या पुढच्या सर्व सरकारी कागदांवर येई. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर जतन केलेले आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांची छायाचित्रेही आहेत. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले, कोकणातल्या गावाचे नाव ओळखू येणार नाही असे केले, तरी क्रमांक बदलत नाही. माणसाला आकडा करणारी ती व्यवस्था अमानुष होती, पण तिच्यामुळे मॉरिशसच्या एखाद्या मराठी कुटुंबाला आपला खापरपणजोबा रत्नागिरीतल्या त्याच्या भावकीपेक्षा अधिक निश्चितपणे ओळखता येतो.

इथवरचे गोंधळ कागदाच्या दोषातून होतात. ओळख मुद्दाम बदलली जाते तेव्हा प्रश्न वेगळा होतो, कारण तिथे साक्षीदारच तपासावे लागतात. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ पडले, तरी भाऊ जिवंत आहेत ही वदंता वर्षानुवर्षे चालली आणि पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. त्या वदंतेवर स्वार होऊन सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात तो कैदेत पडला. पुढे रत्नागिरीच्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडवले, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, लोक त्याच्या निशाणाखाली जमले, आणि अखेर आंग्र्यांनी पकडून दिल्यावर 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने ही हकिकत मराठी वाचकांच्या ओळखीची केली. इतके लोक त्याला भाऊ म्हणून मानायला तयार झाले, ते सगळेच काही फसलेले नव्हते; त्यांतल्या अनेकांना पुण्याच्या कारभाऱ्यांविरुद्ध उभे राहायला एक भाऊ हवा होता. ओळख पटवणाऱ्याला ती पटण्यात फायदा आहे का, हे पाहिल्याखेरीज साक्षीचे वजन ठरत नाही.

रामराजांच्या प्रकरणात तर ही कसोटी टोकाला जाते. सातारचे शाहू महाराज निपुत्रिक होते. त्यांच्या अखेरच्या काळात ताराबाईंनी असे पुढे आणले की, 1726 मध्ये वारलेल्या आपल्या पुत्राला, म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजींना, मुलगा होता, सवतीच्या पक्षापासून त्याचा जीव वाचावा म्हणून त्याला लहानपणीच लपवून गुप्तपणे वाढवण्यात आले, आणि हा रामराजा तोच. शाहू महाराजांच्या राणी सकवारबाई यांनी हे मानले नाही. डिसेंबर 1749 मध्ये शाहू महाराज वारले आणि पुढच्या महिन्यात रामराजा गादीवर बसला; तेव्हा रघूजी भोसल्यांनी ताराबाईंकडे अशी खात्री मागितली होती की त्यांनी जातभाईंसमक्ष रामराजाबरोबर जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे सांगावे. वर्ष उलटायच्या आत चित्र पालटले. रामराजा पेशव्यांविरुद्ध उभा राहीना, म्हणून नोव्हेंबर 1750 मध्ये ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले आणि हा आपला नातू नव्हेच, गोंधळ्याचा पोर आहे, असे जाहीर केले. पुढे 14 सप्टेंबर 1752 रोजी जेजुरीला खंडोबासमोर पेशव्यांशी सलोखा करताना त्यांनी शपथेवर तेच सांगितले.

एकाच साक्षीदाराची ही दोन विधाने परस्परांना पूर्णपणे छेदतात, आणि दोन्ही वेळा साक्षीदार जे सांगत होती ते त्या क्षणी तिच्या सोयीचे होते. पहिल्या वेळी नातू असला तर गादीवर तिचा हात राहणार होता. दुसऱ्या वेळी तो नातू नसला तर त्याला कैदेत ठेवण्याचे समर्थन होणार होते. शपथेचे गांभीर्य दोन्हीकडे सारखेच, म्हणून शपथेच्या बळावर निवाडा होत नाही. पेशव्यांनी जेजुरीनंतरही रामराजाला छत्रपती म्हणून कायम ठेवले, पण त्यालाही पुराव्याचे वजन देता येत नाही, कारण गादी रिकामी ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. सकवारबाईंचा नकारही निरपेक्ष म्हणता येत नाही, कारण त्यांचा कल कोल्हापूरच्या संभाजींकडे होता. असा प्रश्न सुटायचा तर 1726 ते 1749 या काळात, गादीचा प्रश्न कोणाच्या मनातही नसताना, एखाद्या कारकुनाने मुलाच्या संगोपनाचा खर्च, त्याच्या आजारपणातला नवस किंवा त्याला कुठे नेले याची सहज केलेली नोंद लागते. स्वार्थ जन्मायच्या आधी लिहिलेला कागद हा अशा प्रकरणातला सर्वांत चांगला साक्षीदार असतो.

आजच्या काळात एखादा वाचक म्हणेल की जनुकीय तपासणीने हे सहज ठरेल. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र पुरुषवंशाचा माग देते हे खरे, आणि दोन शाखांचे मूळ एक नाही असे ते अधिक ठामपणे सांगू शकते; पण दोन भावांत किंवा चुलता-पुतण्यांत ते फरक करत नाही, आणि मध्ये एक दत्तक झाला की त्याची साखळी तुटते. रामराजाच्या बाबतीत नेमके हेच आहे. 1777 मध्ये, मृत्यूपूर्वी, त्याने वावीच्या भोसल्यांच्या घरातला एक मुलगा दत्तक घेतला; तो सातारचा दुसरा शाहू, आणि प्रतापसिंह महाराज हे त्याचे पुत्र. त्यामुळे रामराजा ताराबाईंचा नातू होता की नव्हता, याने त्याच्या पुढच्या सातारकर छत्रपतींच्या रक्तसंबंधात काहीच फरक पडत नाही. वंशावळीच्या तक्त्यात कोल्हापूरचे शिवाजी आणि रामराजा यांना जोडणारी रेघ तुटक काढावी आणि तिच्यापुढे ताराबाईंची दोन्ही विधाने तारखांसह लिहावीत. रामराजा आणि दुसरा शाहू यांच्यामधली रेघ मात्र दत्तकाची म्हणून काढावी, आणि ती निःशंकपणे काढता येते.